गहिवराचे ऋण

सज्जनहो, कीर्तनाला उभे राहू लागल्याला आम्हांस आता चाळीस वर्षे होऊन गेली. या चाळीस वर्षांत नाथमहाराजांच्या कावडीचा प्रसंग आम्ही किती वेळा सांगितला याचा हिशेब नाही. आपणां सर्वांना तो पाठच आहे. उत्तरेहून गंगाजल भरून कावड निघाली आहे, रामेश्वराला घालावयाची आहे, आणि वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने टाचा घासते आहे. नाथ कावड उतरवतात आणि ते जल त्या मुक्या जिवाच्या तोंडात ओततात. इथवर आलो कीं दरवेळी तेच होते. टाळ आपोआप थांबतात. मृदंगावरचा हात जागीच राहतो. बाया पदर डोळ्यांना लावतात, आणि मागे खांबाला टेकून डुलक्या घेणारा म्हाताराही ताठ बसतो. अहो, आम्ही तर गोष्ट सांगणारे, पुढे काय होणार हे आम्हांस ठाऊक. तरी आमचाही कंठ दाटतो.

चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, शंभरदा ऐकलेली. तिने आज रडू का यावे? हा एक प्रश्न. आणि हे जे पाणी डोळ्यांत येते त्याचे पुढे काय होते? हा दुसरा. पहिला गोड आहे. दुसरा कडू आहे, आणि कित्येक वर्षे आम्ही तो टाळत आलो. या लेखात दोन्ही घेऊ.

प्रथम हे पाणी कोणत्या जातीचे ते पाहू. हे शोकाचे नव्हे. कोणी मेले नाही. उलट मरणारा जीव वाचला. हे हर्षाचे म्हणावे, तर आपल्या पदरात काहीच पडले नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ओढूनताणून ते येत नाहीत. आत मन एकाग्र होऊन हालले म्हणजेच बाहेर दिसतात. पाठशाळेत हे आम्ही घोकले होते. पण गुरुजींनी एक प्रश्न विचारला, तो आजवर लक्षात राहिला. ते म्हणाले, "दुसऱ्याचा चांगुलपणा पाहून अंगावर काटा येतो, तो कोणत्या रसात घालाल?" आम्ही पोरे म्हणालो, करुणात. गुरुजी हसले आणि म्हणाले, "करुण गाढवाचा. नाथांचा वीर."

त्या वेळी उलगडा झाला नाही. पुढे साहित्यदर्पण वाचताना झाला. विश्वनाथाने वीरपुरुषांचे चार प्रकार केले आहेत: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. म्हणजे हातात तलवार घेणारा तेवढाच वीर असे आपल्या शास्त्रकारांनी मानले नाही; दया करणाराही वीरच. आणि वीररसाचा स्थायी भाव कोणता? उत्साह. शोक नव्हे, विस्मय नव्हे, उत्साह. काही करावयास उठण्याची जी उभारी, तिला उत्साह म्हणतात. किती नेमके पाहिले आहे बघा! सज्जनाची कृती पाहून जे भरून येते, त्याचा गाभा रडण्याचा नसून उठण्याचा आहे. डोळ्यांतले पाणी ही त्याची खूण, पाय उचलणे हे त्याचे फळ.

दयावीराचे उदाहरण म्हणून शास्त्रकार जीमूतवाहनाचे नाव घेतात. सातव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा तो नायक. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावयाचा असा करार झालेला. त्या दिवशी पाळी शंखचूड नावाच्या नागाची, आणि त्याची म्हातारी आई आक्रोश करीत बसलेली. जीमूतवाहन तांबडे वस्त्र पांघरून शंखचूडाच्या जागी वधशिलेवर निजतो. गरुड येतो, उचलतो, पर्वतावर नेऊन खाऊ लागतो. आणि खाता खाता थांबतो! कां थांबतो? हे भक्ष्य ओरडत नाही, तडफडत नाही. त्याच्या तोंडावर समाधान दिसते आणि अंगावर रोमांच. गरुडाची चोच अडते. "तू आहेस तरी कोण?" असे तो विचारू लागतो. इतक्यात खरा शंखचूड धावत येतो, सत्य उघडे होते, आणि ज्याने आजवर असंख्य नाग गिळले तो गरुड पश्चात्तापाने पोळून हिंसा सोडतो. गरुडाला कोणी हरवले नाही, शापही दिला नाही. त्याने एक चांगला माणूस जवळून पाहिला, एवढेच झाले.

आमची एक नात मानसशास्त्र शिकते. तिला हा प्रसंग सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आबा, याच्यावर आता तिकडे प्रयोग झालेत." मग तिने आम्हांस समजावून सांगितले. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातले जोनाथन हाइट नावाचे प्राध्यापक २००० सालच्या सुमारास या भावनेचा स्वतंत्र अभ्यास करू लागले. लोकांनी त्यांना काय सांगितले? परक्याचा चांगुलपणा पाहिला कीं छातीत ऊब वाटते, घसा दाटतो, अंगावर शहारा येतो, आणि आपणही असे काही करावे असे वाटते. आम्ही म्हटले, "बाळ, हे तर आमच्या मंडपात रोज घडते."

पण पुढे तिने जे सांगितले त्याने आम्ही गप्प झालो. त्याच विद्यापीठातला एक लहानसा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. अंगावर पाजणाऱ्या ४२ आया आपापली तान्ही घेऊन आल्या होत्या. काहींना माणसाच्या कृतज्ञतेची एक हृद्य चित्रफीत दाखवली, काहींना विनोदाची. चांगुलपणा पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या आयांना तिथेच पान्हा फुटला किंवा त्यांनी लेकरू छातीशी घेऊन पाजले; विनोद पाहणाऱ्यांत असे थोडक्याच जणींचे झाले. प्रयोग लहान, त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये हे खरे. पण विठोबाला माउली म्हणणाऱ्या आम्हां वारकऱ्यांना यात नवल काय? चांगुलपणा पाहिला कीं पान्हा फुटतो, हे आपण भाषेत बोलत होतो. ते देहातही घडते असे आता दिसले. आणि लक्षात घ्या, पान्हा आईसाठी नसतो. तो लेकरासाठी असतो. लेकराच्या मुखी गेला नाही तर आईलाच ठणका लागतो.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. आमच्या मंडपात इतका पान्हा फुटतो, तो कोणाच्या मुखी जातो?

सज्जनहो, हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे. चोखोबांचे देहावसान मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून झाले. साल १३३८ मानतात. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली, हे आपण सांगतो. सांगताना रडतो. ऐकणारे रडतात. पिढ्यान्‌पिढ्या रडत आले. आणि त्याच पिढ्यान्‌पिढ्या चोखोबांच्या जातीची माणसे त्या समाधीपाशीच थांबत होती. दार त्यांना बंद होते. सहाशे वर्षे! पाणी आमच्या डोळ्यांत आणि कुलूप देवाच्या दारावर. दोन्ही एकाच गावात, एकाच दिवशी, आणि त्यात विसंगती आहे असे फारच थोड्यांना वाटले. अखेर साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरास उपोषणाला बसले. त्याआधी ते महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवीत होते. १० मे रोजी उपोषण सुटले, कारण दार उघडण्याचे मान्य झाले. सहाशे वर्षांच्या अश्रूंनी जे झाले नाही ते एका कृश माणसाच्या दहा दिवसांच्या उपवासाने घडले. उपवासही चांगुलपणाच होता आणि तोही लोकांनी पाहिला. फरक एवढाच कीं तो डोळ्यांपुढे चालू होता. ऐकून घरी जाण्याची सोय त्यात नव्हती.

कोणी म्हणेल, महाराज, ही जुनी पापे, आज कशाला उगाळता? तर आमचेच सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वीची आषाढी वारी. नातेपुत्यास मुक्काम होता. त्या रात्री आम्ही कावडीचाच प्रसंग घेतला. कीर्तन रंगले. मंडळींनी पाय धरले, कोणी नारळ दिला. आम्ही समाधानाने राहुटीकडे निघालो. वाटेत एक म्हातारा वारकरी ट्रकच्या चाकाला टेकून बसला होता. पायाला फोड येऊन फुटलेले, चिखल भरलेला, तोंडाने नाम चालू. आम्ही पाहिले. खोटे कशाला सांगावे, नीट पाहिले. आणि मनात आले, आपण थकलो आहोत, दिंडीत सेवेकरी आहेत, ते पाहतील. पुढे गेलो.

दहा पावलांवरून आवाज आला म्हणून मागे वळलो. दिंडीत भाकरी थापणारी एक बाई कोमट पाण्याचे पातेले घेऊन आली होती. तिने म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेतला, चिखल धुतला, तेल-हळद लावली आणि आपल्या लुगड्याचा काठ फाडून बांधला. तो "नको गं माय, नको" म्हणत होता. ती म्हणाली, "गप बसा हो बाबा. आत्ताच महाराजांनी सांगितलं ना गाढवाचं? मग माणसाचं नको करायला?"

कीर्तन आम्ही केले होते. ऐकले तिने होते.

आता त्या क्षणी आमच्या मनात काय आले ते सांगतो, कारण लेखाचा मर्मभाग तोच आहे. गहिवर आधी आला नाही. आधी आली ती चीड. वाटले, 'हिला एवढी घाई कशाला? लोक पाहताहेत म्हणून.' ज्या बाईने दिवसभर चुलीपुढे बसून दीडशे माणसांच्या भाकऱ्या केल्या, तिच्यावर आम्ही मिरवण्याचा आळ घेतला, मनातल्या मनात का होईना! दुसऱ्याच्या गुणात दोष काढणे, यालाच शास्त्रात असूया म्हणतात. व्याख्या आम्हांस तोंडपाठ होती; ओळख त्या रात्री पटली.

असे कां होते? जो चांगुलपणा लांबचा आहे, चारशे वर्षांपूर्वीचा आहे, तो आपल्याला काही विचारीत नाही. नाथांपुढे आपण लहान ठरलो तरी लाज नाही. ते नाथच होते. पण शेजारच्या माणसाने, आपल्याहून कमी शिकलेल्याने, आपण टाळलेले काम आपल्या देखत केले, म्हणजे तो आरसा होतो. आरशात तोंड वाईट दिसले कीं माणूस आरशालाच डाग आहे म्हणतो. नातीने याचाही दाखला दिला. अमेरिकेतल्याच आणखी एका अभ्यासात, २००८ सालच्याच, असे दिसले कीं वर्णद्वेषाचा वास असलेले एक काम करण्यास ज्याने नकार दिला, त्याच्याविषयी बाहेरून पाहणाऱ्यांना आदर वाटला. पण ज्यांनी ते काम आधीच निमूटपणे केले होते त्यांना तोच माणूस नकोसा झाला. आपल्या संतांना जिवंतपणी कोणी छळले आणि मागाहून कोणी पूजले, याचे कोडे यात बरेचसे सुटते. छळणारेही चांगुलपणाच पाहत होते. पण फार जवळून पाहत होते.

म्हणून एकच दृश्य पाहून एकाचा गरुड होतो आणि दुसऱ्याचा निंदक होतो. हे वळण मनात कोठे पडते? पतंजलींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार वृत्ती सांगितल्या आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता, पापी माणसाविषयी उपेक्षा. मैत्री आणि करुणा यांवर पुष्कळ निरूपणे होतात. मुदितेकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुण्य करणारा दिसला कीं मनापासून आनंद मानावयाचा, एवढेच तिचे रूप. सोपे वाटते ना? शेजाऱ्याचे दुःख पाहून कळवळणे त्यामानाने सोपे आहे. शेजाऱ्याचे पुण्य पाहून सुखावणे महाकठीण. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी भगवंत गुह्यतम ज्ञान सांगावयास बसतात तेव्हा अर्जुनाची पात्रता म्हणून काय सांगतात? तो असूया करणारा नाही, हीच. पांडित्य नव्हे, शौर्य नव्हे.

आणि आपल्या संप्रदायाने याचा अभ्यास आपल्या हाती फार सोप्या रीतीने दिला आहे. वारकरी भेटला कीं आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्याही. पुष्कळांना ही नुसती रीत वाटते. पण समोरच्यातले चांगले पाहून आपली मान आधी वाकवावयाची, म्हणजे असूयेला उभे राहण्यास जागा उरत नाही, असे तिचे मर्म आम्हांस वाटते. त्या रात्री चीड ओसरली आणि लाज आली. लाज ओसरली तेव्हा गहिवर आला. आम्ही परत फिरलो. तोवर कोणी बॅटरी धरली होती, कोणी आणखी पाणी आणले होते, एक शाळकरी पोर दुसऱ्या म्हाताऱ्याचे पाय चेपू लागले होते. आमच्यासाठी काम उरले नव्हते म्हणा ना! आम्ही घाण पाण्याचे पातेले उचलून लांब नेऊन ओतले. तेवढेच पदरात पडले. त्या बाईच्या पाया पडलो तेव्हा ती संकोचून म्हणाली, "महाराज, हे काय?" तिला काय सांगावे?

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. भाविक म्हणतील, अश्रू हेच भक्तीचे धन आहे. त्याला कामाच्या तराजूत कां घालता? याचे उत्तर असे. भगवंताच्या प्रेमाने डोळे भरतात ते अश्रू स्वतःच फळ आहेत. त्यांचे मोल आम्ही कोण करणार? पण माणसाचा चांगुलपणा पाहून येतात ते अश्रू आमंत्रण आहेत. आमंत्रण आले, पत्रिका पाहून डोळे भरले, आणि लग्नाला मात्र गेलो नाही, याला काय म्हणावे? शिवाय यात धोका आहे. विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात एका रशियन बाईसाहेबांचे उदाहरण दिले आहे. त्या नाटकातल्या पात्रांसाठी आत रडताहेत आणि त्यांचा गाडीवान बाहेर थंडीत गारठतो आहे. जेम्स सांगतो कीं भावना उठली आणि तिच्यामागून कृती झाली नाही, असे वारंवार घडले तर तीच सवय जडते. म्हणून काहीतरी करावेच, कितीही क्षुल्लक असो. घरच्या वडीलधाऱ्या बाईशी दोन गोड शब्द बोलावेत, गाडीत आपली जागा दुसऱ्याला द्यावी. आज तर ही सवय प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर कोणी भुकेल्याला जेवू घालताना दिसतो, डोळे ओलावतात, आणि अंगठा पुढे सरकतो. पुढे काय, तर माकडाचा खेळ.

मोठी कृती झाली तरी ती तडीस नेणे वेगळेच. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी विनोबांपाशी ८० एकर जमीन मागितली. सभेतून रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले, १०० एकर देतो. तो एक चांगुलपणा पाहून देशभर हात वर झाले. पुढच्या वर्षांत ४० लाख एकरांच्या वर दान जाहीर झाले. चांगुलपणा किती वेगाने पसरतो याचा याहून मोठा दाखला आमच्या पाहण्यात नाही. पण त्यातली पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही, काही खडकाळ निघाली, काही दात्यांचे मन घरी गेल्यावर बदलले. सभेत वर गेलेला हात आणि तलाठ्याच्या कागदावर सही करणारा हात, यांच्यामध्ये गहिवर थंड होण्याइतका वेळ गेला. म्हणून गहिवर खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो खरा होता. त्याला वेळेवर काम दिले गेले नाही.

माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांची वाकडी वृत्ती गळावी आणि सत्कर्माविषयी त्यांची रति वाढावी, असे मागितले. शब्द रति आहे, म्हणजे गोडी, ओढ. ही गोडी धाकाने किंवा नुसत्या उपदेशाने लागत नाही. कोणीतरी सत्कर्म करताना दिसावे लागते, आणि ते पाहताच थोडेसे आपल्याही हातून व्हावे लागते. पाहणे हे विरजण. पण दूधच मांडले नाही तर विरजण कशाला लावणार?

त्या वारीपासून आम्ही एक नेम धरला आहे. ज्या दिवशी कीर्तनात आमचे डोळे भरतील त्या दिवशी, निजण्यापूर्वी, कोणा एका जिवाचे एक काम करावयाचे. पाय चेपणे असेल, आजाऱ्याला फोन करणे असेल, भांडून अबोला धरलेल्या भावाला हाक मारणे असेल. कोणाला सांगावयाचे नाही. आज नाइलाजाने सांगितले, म्हणून आजचे खाते आणखी एका कामाने भरावे लागेल. कधी नेम चुकतो. चुकला कीं त्या रात्री झोप नीट लागत नाही. पान्हा तटल्यासारखे होते.

तेव्हा सज्जनहो, पुढच्या वेळी मंडपात कावड उतरेल, गाढव पाणी पिईल, आणि आपल्या डोळ्यांना धारा लागतील, तेव्हा त्या पुसू नका. फक्त बाहेर पडताना चपला घालण्याआधी इकडेतिकडे पाहा. कोणीतरी चाकाला टेकून बसलेले असेल.

रामकृष्णहरि.